एमडी नाहीतर पीएचडी झाली, रिसर्च करायचाय? ट्रस्टच्या फेलोशिपला अर्ज असा करा

डिग्रीनंतरच्या चार-पाच वर्षांतच ठरतं की माणूस रिसर्चमध्ये टिकणार की ओपीडीत बुडून जाणार, आणि नेमक्या त्या वर्षांसाठी पैसा देणारे ट्रस्ट आहेत, आपल्या पोरांना माहीतच नसतात. मेहेरबाई टाटा 1931 साली ल्युकेमियाने (रक्ताच्या कॅन्सरने) गेल्या, पुढच्याच वर्षी त्यांचे पती दोराबजी टाटांनी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट काढला, तो आजही ल्युकेमियावर जगभर आणि भारतात इतर रोगांवरही काम करणाऱ्या तरुणांना मदत करतो. दुसरं मोठं नाव इंडिया अलायन्स, म्हणजे लंडनचा वेलकम ट्रस्ट आणि आपल्या केंद्र सरकारचं बायोटेक्नॉलॉजी खातं मिळून चालवतात ते. तिथे वयाची अट नाही, त्यामुळे बाळंतपणात गॅप पडला म्हणून कुणी आधीच माघार घेऊ नका. बाकी अटी चालू जाहिरातीतच वाचा, सीनियरच्या आठवणीवर विसंबू नका.

आधी प्रश्न पक्का करा. "टीबी आणि डायबेटिसचा अभ्यास" हा प्रश्न नाही. "शुगर असलेल्या टीबी पेशंटचं औषध जास्त सुटतं का, आणि सुटतं ते कितव्या महिन्यात" हा प्रश्न, कारण यातून किती पेशंट लागतील, किती वर्षं लागतील, फोन करायला माणूस ठेवावा लागेल का, सगळं आपोआप निघतं आणि बजेटही त्यातूनच येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, एचओडींचं, म्हणजे विभागप्रमुखांचं पत्र. "सर्व सहकार्य करू" एवढ्यावर सही घेऊन अजिबात येऊ नका. आठवड्याला ओपीडी किती दिवस, नाइट किती, लेक्चर कोण घेणार, हे आकड्यांत लिहून घ्या. मागायला संकोच वाटतो, कळतं, पण पैसा मंजूर होऊन वेळच मिळाला नाही तर कामाचा बळी जातो, आणि चांगली चांगली पोरं इथेच अडकतात हो.

बजेटमध्ये रिसर्च नर्स, डेटा एंट्री, सॅम्पल नेण्याचा खर्च आणि पेशंटचं येण्याजाण्याचं भाडं नक्की धरा. एथिक्स कमिटीची (पेशंटवरच्या अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीची) पुढची मीटिंग कधी आहे ते आजच विचारून ठेवा, तारीख हुकली की महिने जातात. शिफारसपत्र तुमचं काम जवळून पाहिलेल्यांकडूनच घ्या, नुसत्या मोठ्या नावाकडून नको.

फेलोशिप नाही मिळाली तर रिव्ह्यूअरच्या, म्हणजे अर्ज तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या कमेंट्स मिळतात का ते विचारा, अर्ज दुरुस्त करा आणि पुढच्या वेळी अर्ज मागवले की परत टाका.