डिस्चार्ज घेऊन घरी आलात? आधी गोळ्यांच्या पिशव्या टेबलावर ओता

पेशंट घरी आला की सगळे हुश्श करतात, पण गोळ्यांचा खरा घोळ इथूनच सुरू होतो, कारण घरात जुन्या गोळ्यांचा डबा असतोच आणि त्यात ही नवीन पिशवी. आमच्या पप्पांचंच सांगते, बीपीची टेल्मिसार्टन आधीपासून चालू होती, डिस्चार्ज कार्डवर तीच दुसऱ्या कंपनीच्या नावाने, आम्ही दोन्ही देत बसलो आणि चौथ्या दिवशी पहाटे उठले ते बाथरूमच्या दारातच चक्कर येऊन खाली बसले. जुनी चालू आहे हे आम्ही तरी अ‍ॅडमिट करताना कुठे सांगितलं होतं म्हणा.

तर जुन्या-नव्या सगळ्या स्ट्रिप्स ओता. कंपनीच्या नावावर जाऊ नका, कंटेंट म्हणजे आतल्या औषधाचं नाव वाचा, एकच कंटेंट असेल त्या एका ढिगात. कॉम्बिनेशनच्या गोळीत पण तीच लपलेली असते, म्हणजे टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन एकत्र वगैरे, ती पण त्याच ढिगात टाका. मग फोटो काढून डॉक्टरांना विचारा कुठली ठेवायची, मनाने काहीच बंद करू नका. मेडिकलवाल्याने कापून दिलेल्या ज्या तुकड्यावर नाव नाही की एक्स्पायरी नाही, तो सरळ बाजूला.

इन्सुलिन असेल तर इथे जरा थांबा. आपल्याकडे बाटली 40 ची पण मिळते आणि 100 ची पण, म्हणजे एका मिलीत तेवढे युनिट, 40 ला लाल टोपणाची सिरिंज, 100 ला केशरी. बाटली 100 ची आणि सिरिंज लाल असेल तर 10 च्या खुणेपर्यंत भरलं तरी आत जातात 25 युनिट, शुगर धाडकन खाली. उलटं केलं तर 10 च्या जागी फक्त 4. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून बघायचा, दर वेळी, चष्मा लावून.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर अंग दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक स्वतःहून आणायची नाही, रक्तस्राव होऊ शकतो.

शेवटी एका कागदावर यादी, 1-0-1 म्हणजे सकाळ-रात्र, एसओएस म्हणजे त्रास झाला तरच. पुढच्या ओपीडीला हाच कागद न्यायचा. आमचा फ्रिजवर लावलाय, पप्पा पेनाने टिक करतात आणि एखादी राहिली की मम्मीनेच दिली नाही म्हणतात.