न्यायालयातून नक्कल काढायला जाण्यापूर्वीची तयारी

गावात ज्याला ‘कोर्टाचा कागद’ म्हणतात तो प्रत्येक वेळी न्यायालयातलाच असतो असे नाही, म्हणून तो कागद मुळात कोणत्या कचेरीत तयार झाला हे घरातून निघण्यापूर्वीच ठरवावे. शेतरस्ता अडवल्याचा तहसीलदारांपुढचा दावा मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली चालतो, मराठवाड्यातला कुळाचा वाद हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1950 खाली महसूल अधिकाऱ्यांपुढे जातो, फेरफाराविरुद्धचे अपील उपविभागीय अधिकारी ऐकतात आणि इनाम जमिनींच्या मुंतखबाचे (इनामाचा हक्क मान्य केल्याच्या आदेशाचे) व अतियातीचे (इनाम-वतनांच्या चौकशीचे) कागद जिल्हाधिकारी कार्यालयाकडे असतात. या सगळ्या प्रकरणांत तारखा पडतात, वकील उभे राहतात आणि शेवटी निकालही होतो. तरीही त्यांचे कागद दिवाणी न्यायालयाच्या अभिलेख कक्षात शोधून सापडणार नाहीत. हाती असलेल्या जुन्या कागदाचा माथा नीट वाचावा. ‘दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर’ किंवा ‘वरिष्ठ स्तर’, ‘जिल्हा न्यायाधीश’, ‘न्यायदंडाधिकारी, प्रथम वर्ग’ असे पद लिहिलेले असेल तर न्यायालयाकडे जावे. ‘तहसीलदार’ किंवा ‘उपविभागीय अधिकारी’ असेल तर महसूल कचेरीचा रस्ता धरावा.

न्यायालयच असेल तर पुढचा प्रश्न कोणत्या गावचे, आणि मराठवाड्यात हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूर परभणी जिल्ह्यात होते. लातूर 16 ऑगस्ट 1982 रोजी उस्मानाबादपासून आणि हिंगोली 1 मे 1999 रोजी परभणीपासून वेगळा झाला. आजोबांच्या काळातल्या जिल्हा न्यायालयाच्या अपिलाची चौकशी करताना आजचा जिल्हा धरून चालत नाही, त्या सालचा जिल्हा धरावा लागतो. शिवाय महसुली जिल्हा आणि न्यायिक जिल्हा एकाच दिवशी सुरू होतात असेही नाही. उच्च न्यायालयाचे तसेच आहे. 1 नोव्हेंबर 1956 पूर्वी हा भाग हैदराबाद राज्यात असल्याने इथली अपिले हैदराबादच्या उच्च न्यायालयात जात, त्यानंतर ती मुंबईला जाऊ लागली आणि 1981 मध्ये औरंगाबादला खंडपीठ सुरू झाल्यावर तिकडे. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावे अलीकडची आहेत, म्हणून जुन्या कागदावर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद दिसले तर ती वेगळी न्यायालये आहेत असे समजू नये.

मूळ प्रकरण अपिलात गेले होते का, हेही आधीच विचारून घ्यावे. अपील न्यायालयाने मूळ रेकॉर्ड मागवून घेतलेले असेल आणि ते अजून परत आलेले नसेल, तर खालच्या न्यायालयातला लिपिक इच्छा असूनही त्यातल्या कागदाची नक्कल देऊ शकत नाही.

यानंतरची गोष्ट म्हणजे प्रकरण क्रमांक, आणि माझ्या मते निम्म्याहून अधिक हेलपाटे याच्याच अभावी होतात. अभिलेख कक्षातले गठ्ठे गावाच्या किंवा माणसाच्या नावाने लावलेले नसतात. प्रकरणाचा प्रकार, क्रमांक, वर्ष आणि निकालाची तारीख यांवरून ते शोधले जातात. ‘आमच्या भावकीचा वाटणीचा दावा’ एवढ्या वर्णनावर कोणालाही काही काढता येत नाही, पण ‘नियमित दिवाणी दावा’ किंवा जुन्या भाषेत ‘रे.मु.नं.’ (रेग्युलर मुकदमा नंबर) अमुक, वर्ष अमुक, एवढे सांगितले की काम निम्मे झाले. क्रमांक माहीत नसेल तर तो घरातच मिळण्याचा संभव मोठा असतो. समन्स, जुन्या वकीलपत्राची प्रत, मनाईहुकमाची प्रत, न्यायालयात पैसे भरल्याची पावती, यांपैकी कोणत्याही कागदावर तो लिहिलेला असतो. जमिनीचे प्रकरण असेल तर फेरफार नोंदवही पाहावी, कारण न्यायालयाच्या हुकूमनाम्यावरून फेरफार झाला असल्यास तलाठ्याने नोंदीत न्यायालयाचे नाव, दाव्याचा क्रमांक आणि निकालाची तारीख लिहिलेली असते. अनेक कुटुंबांना आपल्याच दाव्याचा क्रमांक पहिल्यांदा कळतो तो या नोंदीतून. तेही नसेल तर त्या वेळच्या वकिलांच्या कार्यालयात विचारावे.

संगणकीकरणानंतरच्या प्रकरणांसाठी ई-कोर्ट सेवेचे संकेतस्थळ किंवा मोबाइल ॲप वापरावे. तिथे पक्षकाराच्या नावावरून, दाखल क्रमांकावरून, वकिलाच्या नावावरून आणि फौजदारी प्रकरणात एफआयआर क्रमांकावरूनही शोध घेता येतो. नावावरून शोधताना वर्ष द्यावे लागते आणि प्रकरण प्रलंबित आहे की निकाली, हेही निवडावे लागते, म्हणून नाव सापडले नाही तर आधी या दोन गोष्टी बदलून पाहाव्यात. इंग्रजी स्पेलिंगचा त्रास नेहमीचाच आहे. एकाच आडनावाची तीन-चार स्पेलिंगे नोंदलेली असतात, त्यामुळे पूर्ण नाव लिहिण्याऐवजी पहिली काही अक्षरे लिहून यादी वाचणे अधिक उपयोगी पडते. प्रकरण सापडले की सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या प्रकरणाचा संगणकातला स्वतंत्र ओळख क्रमांक, उतरवून घ्यावा. दावा पुढे दुसऱ्या न्यायालयात वर्ग झाला असेल तर त्याला तिथे नवा क्रमांक पडलेला असतो, म्हणून जुना आणि नवा असे दोन्ही क्रमांक वहीत लिहावेत. या संकेतस्थळावरून उतरवलेला निकाल वाचण्यासाठी आणि वकिलांना दाखवण्यासाठी चांगला आहे, परंतु जिथे प्रमाणित प्रत, म्हणजे न्यायालयाच्या सही-शिक्क्याची नक्कल, मागितली जाते तिथे तो तिची जागा घेत नाही. घरी इंटरनेटची अडचण असेल तर न्यायालयाच्या आवारात ई-सेवा केंद्र आहे का ते पाहावे. प्रकरणाची स्थिती सांगणे आणि नकलेच्या ऑनलाइन अर्जाला मदत करणे ही कामे अशा केंद्रांकडे सोपवलेली आहेत.

निजामकालीन प्रकरणांची तयारी वेगळी करावी लागते. त्या काळात न्यायालयाची भाषा उर्दू होती आणि तारखा फसली सनात, म्हणजे निजाम राजवटीतल्या सरकारी कालगणनेत, आजूर, बहमन, खुरदाद अशा महिन्यांनी लिहिल्या जात. फसली सनात 590 किंवा 591 मिळवले की इसवी सन येतो. 1357 फसली म्हणजे ऑक्टोबर 1947 ते ऑक्टोबर 1948, म्हणजे पोलीस कारवाईचे वर्ष त्यातच येते. अर्ज करण्यापूर्वी हे रूपांतर करून दोन्ही सने लिहावीत आणि उर्दू वाचणाऱ्या जाणत्या माणसाकडून हातातला कागद एकदा वाचून घ्यावा, कारण पुष्कळदा ज्याला घरचे लोक ‘निकाल’ समजून जपत आलेले असतात तो केवळ अर्ज किंवा पावती निघते. नक्कल मिळते ती मूळ भाषेत. तिचे भाषांतर हे वेगळे काम आणि वेगळा खर्च आहे. शिवाय न्यायालयातला प्रत्येक कागद कायमचा जपला जात नाही. दिवाणी नियमपुस्तिकेप्रमाणे निकाली प्रकरणातील कागदांचे वर्ग पाडले जातात, त्यांतले काही दीर्घकाळ राहतात आणि काही ठरलेली वर्षे झाली की नष्ट केले जातात. हुकूमनामा सापडला तरी त्याच प्रकरणातला एखादा किरकोळ अर्ज सापडेल अशी खात्री धरू नये. आणि ज्याला आज आपल्या प्रकरणातले साक्षीचे कागद हवे आहेत त्याने ते काम पुढच्या वर्षावर टाकू नये.

आता नेमका कोणता कागद हवा आहे हे ठरवावे. ‘सगळी फाइल द्या’ असा अर्ज केल्याने पानांचा खर्च वाढतो आणि वेळही जातो. वादपत्र, प्रतिवादीची लेखी कैफियत, साक्षीपुरावा, न्यायनिर्णय, हुकूमनामा, रोजनामा हे सर्व वेगवेगळे कागद आहेत आणि दाखल कागदांना निशाणी क्रमांक दिलेला असतो. तात्पुरत्या मनाईचा अर्ज बहुधा निशाणी 5 वर असतो, म्हणून वकिलांच्या बोलण्यात त्याला ‘नि. 5’ असेच नाव पडले आहे. न्यायनिर्णय म्हणजे न्यायाधीशांनी दिलेली कारणे, आणि हुकूमनामा म्हणजे कोणाला काय मिळाले याचा अंमलात आणण्याजोगा कागद. अपिलासाठी कोणती प्रत, दरखास्तीसाठी (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जासाठी) कोणती, तलाठ्याकडे कोणती, हे वकिलांना विचारून लिहून घ्यावे. रोजनाम्याकडे लोक सहसा दुर्लक्ष करतात, पण प्रत्येक तारखेला काय घडले हे त्यात असते, आणि कोणता कागद कोणत्या निशाणीवर आहे हे कळत नसेल तर सर्वप्रथम रोजनाम्याचीच नक्कल काढणे शहाणपणाचे.

आपण कोणत्या नात्याने मागतो आहोत, याचाही विचार अर्ज लिहिण्याआधी करावा. प्रकरणातल्या पक्षकाराला किंवा त्याच्या वकिलांना नक्कल मागताना फारसे समजावून सांगावे लागत नाही. पक्षकार मयत असेल तर वारसाने मृत्यूचा दाखला आणि नाते दाखवणारा कागद सोबत न्यावा. तिऱ्हाइताला मात्र कारण द्यावे लागते आणि ते शपथपत्रावर मांडण्याची तयारी ठेवावी लागते. माहितीच्या अधिकारात अर्ज करून हे टाळता येईल असे अनेकांना वाटते, परंतु सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे की न्यायालयीन कागदांच्या प्रतीसाठी न्यायालयाच्या नियमांत मार्ग आहे तिथे त्याच मार्गाने गेले पाहिजे. काही कागद तिऱ्हाइताला मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत: लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, बालकांच्या ओळखीला बाल न्याय कायद्याचे संरक्षण आहे आणि वैवाहिक प्रकरणे बंद दालनात चालतात.

तिऱ्हाईत असूनही नक्कल अतिशय गरजेची ठरते असा एक प्रसंग मराठवाड्यात वारंवार येतो, तो भूसंपादनाचा. धरण, कालवा, पाझर तलाव किंवा रस्ता यांसाठी एकाच अधिसूचनेखाली गावातल्या पुष्कळांच्या जमिनी जातात. त्यांतला एखादा शेतकरी वाढीव मोबदल्यासाठी लढतो आणि जिंकतो, बाकीचे पैशाअभावी किंवा माहितीअभावी गप्प बसलेले असतात. अशा गप्प बसलेल्यांनाही त्या निवाड्याच्या आधारे आपला मोबदला पुन्हा ठरवून मागण्याचा हक्क 1894 च्या कायद्यातील कलम 28-अ ने दिला होता आणि 2013 च्या कायद्यातील कलम 73 ने तो कायम ठेवला आहे. अट अशी की निवाड्यापासून तीन महिन्यांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज गेला पाहिजे. त्यातून निवाड्याचा दिवस आणि नक्कल मिळण्यास लागलेला काळ वगळला जातो. शेजाऱ्याच्या प्रकरणाचा निकाल लागल्याचे कळताच त्याच्याकडून क्रमांक घ्यावा, आपली जमीन त्याच अधिसूचनेत असल्याचा कागद जोडावा, अर्जात हे कारण स्पष्ट लिहावे आणि त्याच आठवड्यात नकलेचा अर्ज दाखल करावा. घरात बसून केवळ चर्चा करण्यात हे तीन महिने गेलेली गावे आहेत, आणि तो पैसा परत मिळवण्याचा दुसरा सोपा मार्ग नसतो.

मुदतीचा हाच हिशोब अपिलालाही लागतो. दिवाणी निकालाविरुद्ध जिल्हा न्यायालयात 30 दिवसांत आणि उच्च न्यायालयात 90 दिवसांत अपील करावे लागते, आणि मुदत अधिनियम, 1963 च्या कलम 12 प्रमाणे नक्कल मिळण्यास लागणारा काळ त्यातून वगळला जातो. समजा निकाल 4 ऑगस्टला लागला, नकलेचा अर्ज 8 ऑगस्टला दिला आणि नक्कल 22 ऑगस्टला तयार झाली, तर अर्जापासून तयार होईपर्यंतचे दिवस पक्षकाराला परत मिळतात. अर्ज देण्यापूर्वी हुकूमनामा तयार होण्यात न्यायालयाचे जे दिवस गेले ते मात्र मिळत नाहीत, आणि तयार झालेली नक्कल न्यायला आपण उशीर केला तर तेही दिवस आपलेच जातात. हुकूमनामा तयार झाला की अर्ज करू असे म्हणत थांबणे त्यामुळे धोक्याचे आहे. निकाल ऐकल्याच्या दिवशीच अर्ज द्यावा. उन्हाळी आणि दिवाळीच्या सुटीपूर्वीचे दिवस तर विशेष सांभाळावेत.

जाताना ओळखपत्र व त्याची झेरॉक्स, अर्जाचा मजकूर लिहिलेला कागद, जुन्या प्रकरणातला एखादा कागद, दुसऱ्याच्या वतीने जात असल्यास अधिकारपत्र, न्यायालय फी मुद्रांकासाठी आणि अनामतीसाठी सुटे पैसे एवढे जवळ असावे. फी पानांच्या संख्येप्रमाणे पडते, आणि तातडीची नक्कल हवी असल्यास तसे अर्जात लिहावे लागते. जे विनामूल्य मिळते त्यासाठी पैसे भरू नयेत: कारावासाची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत, आरोपीला दोषारोपपत्राच्या प्रती, फिर्यादीला एफआयआरची प्रत आणि हिंदू विवाह अधिनियमाखाली घटस्फोट झाल्यास दोन्ही पक्षांना हुकूमनाम्याची प्रत मोफत देण्याची तरतूद कायद्यातच आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता विधी सेवा मिळते, म्हणून त्यांनी खर्चाच्या भीतीने मागे न राहता न्यायालयाच्या आवारातील तालुका विधी सेवा समितीकडे आधी जावे.

अर्ज दिल्यावर त्याचा अनुक्रमांक, दिलेली तारीख आणि भरलेल्या रकमेची पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पावतीबाहेर कोणी रक्कम मागितली तर ती देऊ नये. न्यायालयाचा अधीक्षक किंवा प्रबंधक यांच्याकडे लेखी तक्रार करता येते, आणि आपल्या हक्काच्या कागदासाठी कोणापुढे हात जोडण्याचे कारण नाही. अर्जात त्रुटी काढली गेली तर ती कोणती हे अर्जावरच लिहून मागावे, म्हणजे पुढच्या वेळी नवी त्रुटी निघण्याचा प्रश्न उरत नाही.

नक्कल हाती आल्यावर ती तिथेच उभे राहून वाचावी. पानांचे क्रमांक सलग आहेत का, पक्षकारांची नावे, गट क्रमांक आणि क्षेत्र बरोबर उतरले आहे का, ‘खरी नक्कल’ असा शेरा, अधिकाऱ्याची सही व तारीख आणि न्यायालयाचा शिक्का आहे का, हे पाहावे. अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख आणि ती दिल्याची तारीख, या तीन नोंदी तर जरूर तपासाव्यात, कारण मुदतीचा सगळा हिशोब पुढे त्यांवरच मांडला जातो. जुन्या हुकूमनाम्यात ‘सर्व्हे नंबर’ आणि आजच्या सातबाऱ्यावर ‘गट नंबर’ असेल तर दोन्हींचा मेळ घालणारा उताराही भूमी अभिलेख कार्यालयातून घेऊन त्यासोबत ठेवावा. नक्कल लॅमिनेट करू नये, तिला भोके पाडू नयेत. कुठे सादर करायची वेळ आली तर आधी झेरॉक्स द्यावी, मूळ नक्कल पडताळणीपुरती दाखवावी, आणि ती ठेवून घेतलीच तर तशी पोच लेखी घ्यावी.