संवाद ऐकू येईनात तेव्हा

सोलापूरचा उन्हाळा, पंखा पाचवर. ५.१ सिस्टीमवर (पाच स्पीकर आणि जड आवाजासाठी एक सबवूफर) सिनेमातली हाणामारी दणदणीत, बोलणं मात्र पुटपुटल्यासारखं. आई दर मिनिटाला विचारायची, "काय म्हणाला रे तो?"

संवाद बहुतेक सेंटर, म्हणजे मधल्या स्पीकरमधून येतात, आणि माझा तो टीव्हीखालच्या कपाटात पार आत सारलेला! कडेपर्यंत पुढे ओढला, पुढच्या बाजूला रबराचा तुकडा देऊन तोंड कानांकडे उचललं. रिसीव्हरमध्ये (सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणारा डबा) सेंटरची पातळी ३ डेसिबलने वाढवली, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे जड आवाज सबवूफरकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झ ठेवला. बराच फरक पडला.

तरी फरशी आणि मोकळ्या भिंतींमुळे आवाज घुमायचाच. मग सोफ्यामागे जाड सोलापुरी चादर टांगली (घरात काय, चादरींना तोटा नाही), खाली सतरंजी अंथरली. आता आई म्हणते, "जरा हळू कर की!"