मेक्सिकोसारखी आपल्या गेलेल्या माणसांची आरास घरी कशी मांडायची

आपण पितृपक्षात कावळ्याला घास ठेवतो, आखजीला माठ भरतो, तसंच मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला गेलेली माणसं घरी येतात असं मानतात. १ तारीख लेकरांची, २ मोठ्यांची. त्यांच्यासाठी जी आरास मांडतात तिला ओफ्रेंदा म्हणतात. मागच्या वर्षी मी आबाजीसाठी मांडली होती, कशी ते सांगते.

टेबल नसलं तर लोखंडी पेटीवर लहान पेटी ठेवा, वरून धुतलेलं लुगडं टाका, पायऱ्या झाल्या पाहिजे. वर फोटो, खाली पाणी अन् मीठ. पाणी विसरू नका, लांबून आलेला जीव तहानलेला असते म्हणतात. माणसागणिक एक मेणबत्ती, पणतीही चालते. ते लोक कोपल नावाची राळ जाळतात, आपण ऊद टाकायचा.

मुख्य गोष्ट झेंडू. तो मूळचा तिकडचाच, नाव सेम्पासुचिल, त्याच्या रंगावासानं येणाऱ्याला वाट सापडते म्हणून दारापासून फोटोपर्यंत पाकळ्या टाकतात. दसरा-दिवाळी झाली की आपल्याकडं झेंडूचा भाव पडते, तेव्हा टोपलंभर आणा, पण अख्खी फुलं मांडू नका, पाकळ्या ओढून मोकळ्या करा मगच वाट दिसते. मी उंबरठ्यापासून ओसरीतून आत आणली, बोटं पिवळी झाली अन् वास दोन दिवस गेला नाही.

खायला ते लोक पान दे मुएर्तो करतात, म्हणजे गोल पाव अन् वर हाडासारख्या पट्ट्या. साखरेच्या कवट्याही साच्यात ओततात, आपल्या पाडव्याच्या गाठ्यांसारख्या. हे नसलं तरी बिलकुल चालते, पण त्या माणसाच्या आवडीचं पाहिजेच. मी जवारीची भाकर, ठेचा, बशीत ओतलेला चहा अन् आबाजीचा दोरा बांधलेला चष्मा ठेवला. चहा ओतताना मला रडू आलं, येऊ द्या, मग लेकरांना जवळ बसवून त्या माणसाच्या गोष्टी सांगा, मजेच्याही सांगा, तिकडे असंच करतात. पात्स्क्वारो तलावातल्या हानित्सिओ बेटावर तर लोक रात्रभर कबरीपाशी मेणबत्त्या लावून बसतात, आपल्यात बहुतेकांची कबर नसते म्हणून ओसरीतच बसायचं.

आलेले वासानं जेवून जातात असं मानतात, म्हणून २ तारखेला संध्याकाळी ते जेवण सगळ्यांनी वाटून खा. आमच्या आईनं भाकर चुरून लेकरांना दिली, चष्मा पदरानं पुसला अन् पुन्हा आबाजीच्याच पेटीत ठेवला.