ग्लेन्डलॉख पाहायचंय? आधी वरच्या तळ्यावर जा

डब्लिनला आमच्याकडे पाहुणे आले की मी त्यांना ‘विकलो’ नावाच्या डोंगरातल्या ग्लेन्डलॉखला हमखास नेते. आयर्लंडमधल्या संत केविन या ख्रिस्ती साधूच्या मठाचं हे ठिकाण. बहुतेक जण बसमधून उतरून थेट गोल मनोऱ्याकडे जातात. तुम्ही तसं करू नका. तीस मीटर उंचीचा तो मनोरा देखणाच आहे, पण तो केविननंतर कित्येक शतकांनी उभा राहिला. सहाव्या शतकातला केविन इथे आला तो एकांतासाठी, म्हणून सुरुवात इथल्या दोन तळ्यांपैकी वरच्या तळ्यापासून करा.

उत्तर काठाने खाणकामगारांची जुनी वाट धरा आणि पलीकडच्या कड्यावर नजर ठेवा. पाण्यापासून आठ-नऊ मीटर वर काळं भोक दिसेल: ‘केविनचा बिछाना’. माणूस जेमतेम आडवा होईल एवढीच गुहा. तिथे चढायचा हट्ट नको, कडा धोक्याचा आहे. दुर्बीण मात्र न्याच.

मग परत फिरून दक्षिण काठावरच्या रीफर्ट चर्चवरून थोडं चढा. केविनच्या झोपडीच्या पायाचे दगड तिथे गोलाकार दिसतात. इथे निवांत बसा. प्रार्थनेसाठी पसरलेल्या त्याच्या तळहातावर पक्षिणीनं अंडी घातली आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत त्यानं हात हलवला नाही, ही कथा मुलांना सांगायला याहून चांगली जागा नाही.

मठ, दुहेरी कमानीचं प्रवेशद्वार आणि मनोरा शेवटी बघा. ३ जून हा केविनचा स्मृतिदिन. जमलं तर त्याच सुमारास या. पावसाळी जाकीट उन्हाळ्यातही लागतंच.