पुस्तक वाचून झालं, आता 'मस्त आहे' सोडून काय सांगायचं?

मागे एका मैत्रिणीला मी एक पुस्तक दिलं, अगदी आग्रह करकरून. आठवड्याने विचारलं कसं वाटलं, तर म्हणाली "मस्त आहे गं". बस. राग यायला हवा होता, पण तिने मला दिलेल्या पुस्तकाबद्दल दोनच दिवस आधी मीही तिला हेच म्हणाले होते, त्यामुळे बोलायला तोंडच नव्हतं. दोघींनी मिळून सातशे-आठशे पानं वाचली आणि एकमेकींच्या हातात काय पडलं तर दोन वेळा 'मस्त'.

आपल्याला सांगता येत नाही असं नसतं. होतं काय, की कोणी 'कसं वाटलं' विचारलं की आपल्याला वाटतं आता समीक्षा करायची आहे, म्हणजे कथानक, व्यक्तिरेखा, भाषाशैली, शेवटी 'वाचनीय आणि संग्राह्य'. शाळेतल्या रसग्रहणाची सवय, दुसरं काय. पण समीक्षा पुस्तकाबद्दल असते आणि प्रतिक्रिया म्हणजे ते पुस्तक वाचताना तुमचं काय झालं. ते फक्त तुम्हालाच माहीत असतं, त्यामुळे त्यात चुकायची भीती नाही. फक्त ते पकडून ठेवायला लागतं.

१. वाचतानाच खुणा करा

संपल्यावर आठवून सांगू म्हणाल तर काही आठवणार नाही. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले होते, १८८५ साली छापले, आणि त्यात दिसलं की विसरण्याचा वेग सगळ्यात जास्त सुरुवातीलाच असतो. कादंबरी म्हणजे निरर्थक अक्षरं नव्हेत हे मान्य, पण 'तो एक प्रसंग होता ना, कुठला बरं' हे आपलं सगळ्यांचं होतंच.

त्यामुळे पुस्तकात एक चिठ्ठी ठेवायची, तिच्यावर पान नंबर आणि एखादा शब्द. वाक्यं लिहीत बसायचं नाही, वाचनाची मजा जाते. माझी एका रहस्यकथेची चिठ्ठी अजून आहे: '३१ कंटाळा. ५८ अजून कंटाळा. ९४ थांब, हा खोटं बोलतोय?' आणि त्याच्यापुढे कोरी. पुढच्या दोनशे पानांत पेन्सिल उचलायचं भानच राहिलं नाही, ही पण प्रतिक्रियाच की. उलट एका गाजलेल्या कादंबरीच्या चिठ्ठीवर दर चार पानांनी 'छान वाक्य' लिहिलेलं सापडलं आणि माणसांबद्दल एक शब्द नाही. मग लक्षात आलं, मला भाषा आवडली होती, गोष्ट नाही.

२. ठरावीक शब्दांना सुट्टी द्या

अप्रतिम, खिळवून ठेवणारं, एका बैठकीत संपवलं, वेगळ्याच विश्वात घेऊन जातं. हे शब्द वाईट नाहीत, पण कुठल्याही पुस्तकाला चिकटतात. तुमचं वाक्य पुस्तकाचं नाव बदलून दुसऱ्या पुस्तकाला लावून बघा, चपखल बसलं तर खोडा.

म्हणजे 'बापलेकाचं नातं खूप हृदयस्पर्शी दाखवलंय' याच्याऐवजी 'बाप मुलाला स्टेशनवर सोडायला येतो आणि सगळा वेळ फक्त गाडीच्या वेळापत्रकाबद्दल बोलतो, तिथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले'. दुसऱ्यात एकही मोठा शब्द नाही आणि तरी ऐकणाऱ्याला पुस्तक कसं आहे ते कळलं.

३. प्रकार बघून प्रश्न बदला

सगळ्यात जास्त गडबड इथे होते, कारण आपण कवितासंग्रह आणि भयकथा दोन्हीला एकच फूटपट्टी लावतो.

रहस्यकथेला विचारायचं की लेखक माझ्याशी खरं खेळला का. रोनाल्ड नॉक्स नावाचे एक इंग्रज पाद्री स्वतः रहस्यकथा लिहायचे, त्यांनी १९२९ मध्ये या खेळाचे दहा नियम सांगितले होते, की गुन्हेगार गोष्टीत लवकर दिसायला हवा, डिटेक्टिव्हला सापडलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही, आणि जुळा भाऊ आयत्या वेळी उगवायचा नाही. आजचे लेखक हे नियम खुशाल मोडतात, पण शेवट वाचून चिडचिड झाली असेल तर कारण बहुतेक याच यादीत सापडतं. तुमचा संशय कोणावर होता आणि तो कुठल्या पानापर्यंत टिकला हे सांगा (समोरच्याने वाचलेलं असेल तरच हं).

भयकथेत भीती वाटली की किळस आली, हे वेगळं करून सांगा. लोक सर्रास दोन्हीला 'भयानक' म्हणतात, आणि मग ज्याला रक्त बघवत नाही तो बिचारा अडकतो. रात्री दिवा चालू ठेवून झोपलात तर तेही सांगा, लाज कसली त्यात.

विज्ञानकथा आणि फँटसीत प्रश्न विश्वासाचा. कोलरिज या कवीने १८१७ मध्ये म्हटलं होतं की वाचक आपला अविश्वास आपणहून थोडा वेळ बाजूला ठेवतो. तो अविश्वास तुमच्या बाबतीत कुठे परत आला ते शोधा. गंमत अशी की ड्रॅगन आपण निमूट मान्य करतो, पण अख्खं सैन्य एका रात्रीत तीनशे किलोमीटर चाललं की म्हणतो, काहीही!

आत्मचरित्रात माणूस आणि पुस्तक यांची गल्लत होते. माणूस थोर आणि पुस्तक रटाळ असं असू शकतं, तसं बोलायला घाबरू नका. मी तर काय सांगितलंय यापेक्षा काय गाळलंय ते बघते, म्हणजे मिळालेल्या पुरस्कारांना चार पानं आणि मोडलेल्या संसाराला दीड ओळ असेल तर त्या दीड ओळीबद्दल मला जास्त बोलावंसं वाटतं.

कवितेसाठी पूर्ण संग्रहावर बोलूच नका. एक कविता घ्या, किंवा एकच ओळ, मोठ्याने वाचा. 'कळली नाही, पण तीन दिवस ती ओळ डोक्यातून जात नाहीये' ही पूर्ण प्रतिक्रिया आहे, तिला पुढे काही जोडायची गरज नाही.

सेल्फ हेल्पवर मात्र लगेच बोलू नका. संपवल्या दिवशी सगळेच भारावलेले असतात. तीन आठवडे जाऊ द्या आणि मग त्यातलं प्रत्यक्ष काय केलं ते सांगा, काहीच केलं नसेल तर तसं.

अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव सांगाच, कारण भाषा आवडली किंवा खटकली, त्यात निम्मा हात त्यांचा असतो. आणि प्रेमकथा वाचली असेल तर 'असंच टाइमपास म्हणून' हे शेपूट लावू नका. रात्री दोन वाजेपर्यंत जागून कोणी टाइमपास करत नाही.

४. माझं किती, पुस्तकाचं किती

केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स नावाचे प्राध्यापक होते, ते विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता द्यायचे आणि मोकळेपणाने लिहा म्हणायचे. त्या प्रतिक्रियांवर त्यांनी १९२९ मध्ये पुस्तकच काढलं. चांगली शिकलेली मुलं, पण कित्येकांनी कवितेत जे नव्हतंच ते वाचलं होतं, कोणी आपली जुनी आठवण त्यात घुसडली, कोणी ठरावीक साच्यातली भावना. रिचर्ड्सना ती अडचण वाटली. मला विचाराल तर आठवण येणं ही अडचण नाहीच, आठवण लपवणं ही आहे. 'हॉस्पिटलची पानं मला झेपली नाहीत, घरात नुकतंच आजारपण झालंय' असं सांगितलं की ऐकणारा आपला आपण हिशोब करतो. नुसतं 'फार डिप्रेसिंग आहे' म्हटलंत तर तो भार उगाच पुस्तकावर जातो.

५. स्पॉयलर

शेवट सांगायचा नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण 'शेवटी जबरदस्त ट्विस्ट आहे' हाही स्पॉयलरच, मी एकाला असं सांगून बसले आणि तो बिचारा पहिल्या पानापासून प्रत्येकाकडे संशयाने बघत होता, ट्विस्ट त्याला अर्ध्यात कळला आणि दोष मला. २०११ साली सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोन संशोधकांना असं दिसलं होतं की शेवट आधी कळला तरी वाचकांना कथा उलट जास्त आवडल्या, पण त्या लघुकथा होत्या, आणि नंतरच्या काही अभ्यासांत निकाल उलटाही आला. त्यामुळे त्या शोधाच्या जोरावर कोणाचे चारशे पानांचे कष्ट वाया घालवू नका. माझा साधा नियम आहे, पहिल्या पाव भागातलं बोलायचं, पुढचं विचारून.

६. नाही आवडलं तर

आवडलं नाही आणि झेपलं नाही हे दोन वेगळे. अर्धवट सोडलं असेल तर पान नंबरसकट सांगा, 'पान ८० ला सोडलं, तोवर अकरा पात्रं आली होती आणि मला तीनच ओळखू येत होती'. ज्याला अकरा पात्रं आवडतात तो ते पुस्तक आजच शोधेल, म्हणजे तुमच्या नावडीचाही कोणाला उपयोग झाला.

स्टार देत असाल तर एक ओळ सोबत हवीच. गुडरीड्स या पुस्तकांना स्टार द्यायच्या साइटवर दोन स्टारचा अर्थ 'ठीक होतं' असा दिलेला आहे आणि तीनचा 'आवडलं', पण लोक तीन बघितले की पुस्तक पडलं असं धरतात.

७. सांगून झाल्यावर गप्प बसा

आपलं सांगून झालं की समोरच्याला एक प्रश्न विचारा, पण 'तुला आवडलं का' हा नको, त्याचं उत्तर 'हो, मस्त' येतं आणि आपण परत पहिल्या पायरीवर. 'तू कुठे थांबलीस' असं विचारा.

मैत्रिणीला मी शेवटी हेच विचारलं. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "ती बाई घर विकताना किल्ली देत नाही, म्हणते हरवली, आणि ती तिच्या पर्समध्येच असते. तिथे मी दोन दिवस पुढे गेलेच नाही". मी ते पुस्तक दोनदा वाचलंय आणि मला किल्ली आठवतच नव्हती. घरी येऊन शोधली, पान ६२, खालून तिसरी ओळ.