लेन्स तपासायच्या कामात येताय? आधी बॉडीचं नाव विचारा

कोकणात सेकंडहँड लेन्सचा व्यवहार अजून बराचसा तोंडी चालतो. रत्नागिरीचा स्टुडिओवाला मुंबईच्या बोरा बझारातून लेन्स आणतो, लग्नसराई काढतो आणि मग कुडाळ-सावंतवाडीकडच्या एखाद्या पोराला देऊन टाकतो. मधे कुणीतरी ती तपासून द्यावी लागते. ते काम मी करतो. हल्ली नवी मुलं विचारायला येतात, म्हणून हे लिहितोय. अपर्चर, रॉ, ट्रायपॉड यांची बाराखडी तुम्हाला येते असं धरून चालतो.

तुमच्या हाती येणारा शार्पनेसचा आकडा एकट्या लेन्सचा कधीच नसतो. त्यात सेन्सरवरची काच असते, पिक्सेलचा आकार असतो, सॉफ्टवेअर असतं. आणि यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. समजा एखाद्या बारीक रेघेचा ७० टक्के कॉन्ट्रास्ट लेन्सने पोचवला आणि सेन्सरने त्यातला ६० टक्के राखला, तर तुमच्या फाइलमध्ये ४२ टक्केच उरतो. आता बॉडी, म्हणजे लेन्सच्या मागचा कॅमेरा, बदला. लेन्स तीच, आकडा वेगळा.

निकॉनने २०१२ साली डी८०० आणि डी८००ई असे दोन जुळे भाऊ काढले. दोन्हीकडे ३६ मेगापिक्सेल. फरक एवढाच की ई मध्ये लो-पास फिल्टरचा (खोटे पट्टे टाळायला चित्र किंचित मऊ करणाऱ्या, सेन्सरवरच्या थराचा) परिणाम पुसून टाकला होता. एकच लेन्स ई वर जास्त शार्प मोजली जाते. म्हणून ती लेन्स सुधारली का? पिक्सेलचंही तसंच. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) पिक्सेल साधारण ६ मायक्रॉनचा असतो, म्हणून मिलिमीटरला ८३ लाइन पेअरच्या (एक काळी आणि एक पांढरी रेघ मिळून एक पेअर) पलीकडचं काही त्याला नीट पकडता येत नाही. ६१ मेगापिक्सेलच्या सोनी ए७आर ४ वर पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा, तिथे हीच हद्द १३३ च्या आसपास जाते. गिऱ्हाईक मोबाइलवर कुठल्यातरी साइटचा स्क्रीनशॉट दाखवतं, "दादा, यात इतके आहेत, माझीत कमी का?" पहिला प्रश्न विचारायचा, तो आकडा कुठल्या बॉडीवरचा? डीएक्सओमार्क या तपासणी साइटचे परसेप्च्युअल मेगापिक्सेलसुद्धा (लेन्स आणि बॉडी मिळून किती बारकावा देतात तो आकडा) बॉडीगणिक बदलतात. स्क्रीनशॉटवरून भाव ठरवणाऱ्यांशी मी आता वादच घालत नाही.

आता ज्यात मी स्वतः बराच काळ अडकून पडलो होतो, ते नीट वाचा. घाई असेल तर बाकीचं सोडलंत तरी चालेल.

जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या (आत आरसा नसलेल्या, वेगळ्या खिडकीतून बघायच्या फिल्म कॅमेऱ्यांच्या) वाइड लेन्स लोक अडॅप्टर लावून मिररलेसवर, म्हणजे आरसा नसलेल्या डिजिटल बॉडीवर, वापरतात. स्वस्त पडतात आणि दिसतातही झकास. मधला भाग कापल्यासारखा शार्प येतो, पण चारही कोपरे फासल्यासारखे. सगळे म्हणतात लेन्स गेली. लेन्स गेलेली नसते. सेन्सरच्या पुढे काचेचा एक थर असतो, इन्फ्रारेड अडवणारा, धूळ रोखणारा. सोनीच्या फुल फ्रेमवर तो साधारण २ मिलिमीटर, मायक्रो फोर थर्ड्सवर (लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांवर) साधारण ४. फिल्मच्या पुढे असली काच नव्हती, त्यामुळे त्या लेन्सच्या हिशोबातही ती नाही. सपाट काचेतून जाताना फोकस काचेच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश मागे सरकतो, म्हणजे २ मिलिमीटरला ०.७ च्या आसपास. मध्यभागी काही बिघडत नाही, कारण तुम्ही फोकस करताना तो फरक आपोआप भरून निघतो. पण रेंजफाइंडर वाइडचं मागचं भिंग फिल्मच्या अगदी जवळ असतं, म्हणून कोपऱ्यातले किरण फार तिरपे पडतात. त्यांचा फोकस आणखी मागे जातो, आणि आडव्या-उभ्या रेघांचा वेगवेगळा. एसएलआरच्या (आतल्या आरशातून बघायच्या कॅमेऱ्याच्या) वाइड लेन्सला आरशासाठी जागा सोडावी लागायची. तिचे किरण कमी तिरपे पडतात, म्हणून त्याच बॉडीवर ती बरी वागते.

मग काच पातळच का करत नाहीत? लायकाने केली होती. २००६ च्या एम८ वर ती मुद्दाम फार पातळ ठेवली, तर इन्फ्रारेड आत शिरून काळे सिंथेटिक कपडे जांभळट दिसायला लागले आणि कंपनीला गिऱ्हाइकांना फिल्टर पुरवावे लागले. २०१५ च्या ए७आर २ मध्ये मागून प्रकाश घेणारा सेन्सर आला, त्याने अशा लेन्समुळे कोपऱ्यात पडणारा रंगाचा डाग कमी झाला. फासणं पूर्ण गेलं नाही, कारण काच तशीच होती.

ओळखायचं कसं? चारही कोपरे सारखे खराब असतील तर सेन्सरवरच्या काचेवर संशय घ्या. एकच कोपरा किंवा एकच बाजू मेली असेल तर भिंग सरकलेलं असू शकतं. पण लगेच निकाल देऊ नका. कॅमेरा उलटा करून पुन्हा फोटो काढा. खराबी फ्रेमच्या त्याच कोपऱ्यात राहिली तर दोष लेन्सचा किंवा माउंटचा (लेन्स बसते त्या कड्याचा). चार्टच्या (तपासायला भिंतीवर लावलेल्या छापील कागदाच्या) त्याच टोकाला राहिली तर चार्ट तिरका लागलाय. आणि शक्य असेल तर दुसऱ्या बॉडीवर किंवा फिल्मवर एकदा बघाच. एवढं न करता चांगली लेन्स "गेली" म्हणून परत पाठवलीत, तर तुमचं नाव खराब होईल, आणि आपल्याकडे नाव खराब व्हायला एक एसटी पुरते.

उलटा सापळाही आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला वाळत घातलेली मासेमारीची जाळी लो-पास नसलेल्या बॉडीवर एफ ५.६ ला लांबून टिपा. जाळ्यावर रंगीत पट्टे उठतील. पोरं खूश होतात, "काय डिटेल आहे!" तो डिटेल नव्हे, मोआरे आहे, म्हणजे बारीक नक्षी पिक्सेलच्या ओळींशी गुंतून उठणारे खोटे पट्टे. मात्र पट्टे उठले याचा अर्थ लेन्स त्या सेन्सरपेक्षा बारीक बघतेय. एफ १६ ला पट्टे मावळतात, कारण तिथे डिफ्रॅक्शनचा (बारीक अपर्चरमधून जाताना प्रकाश पसरण्याचा) ठिपकाच २१ मायक्रॉनच्या वर जातो.

जांभ्याच्या भिंतीवर तपासू नका. चिऱ्यांची भोकं डोळ्याला छान वाटतात, पण भिंत सपाट नसते. काळ्यापांढऱ्याची स्वच्छ कड छापा, साधारण ५ अंश तिरकी लावा, रॉमध्ये काढा, शार्पनिंग शून्य करा. त्या कडेवरून शार्पनेस मोजणारं एमटीएफ मॅपर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. कॅमेरा चार्टला समांतर आहे का हे बघायला चार्टच्या जागी आरसा चिकटवा आणि लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यावर आणा. दुपारी समुद्राच्या बाजूला लांबचं काही तपासू नका, गरम हवेने सगळंच लटलटतं.

जुनी मंडळी म्हणतात, "नजर बसली की कळतं." बुरशीच्या बाबतीत त्यांचं शंभर टक्के ऐका. आपल्या दमट हवेत आकड्याआधी टॉर्च लावायचा. कोपऱ्यांच्या बाबतीत ऐकू नका. आणि पुण्या-मुंबईच्या महागड्या वर्कशॉपला पैसे घालू नका, त्या पैशात एक जुनी बॉडी येते.

घाबरून जाऊ नका, लॅब लागत नाही. एक बॉडी, एक चार्ट, एकच अंतर धरून ठेवा आणि वहीत बॉडीच्या नावासकट सगळं लिहा. काही महिन्यांत ती वही कुठल्याही साइटपेक्षा कामाची ठरते. आणि हो, तपासणीचे पैसे लेन्स हातात घेतानाच घ्या. निकाल वाईट लागला की गिऱ्हाइकाचा फोन लागत नाही.